एका कानात झुमका

१२ जानेवारी १९७८

आज सुईनं टोचून पाहिलं. लागलं. डोळे मिटून पुन्हा टोचलं, तरी लागलं. मग वाटलं, टोचणारी मीच, कुठे टोचणार हे मला आधीच माहीत, म्हणून लागल्याचा भास होत असेल. धाकट्या बहिणीला, सत्यवतीला, म्हणावं, मी डोळे बांधते, तू टोच. पण मग तिला कारण सांगावं लागेल.

डाव्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याच्या जरा वर, तिळाएवढा पांढरा डाग आहे. आधी वाटलं बाबांच्या पानाचा चुना लागला. साबणानं घासला, मग न्हाणीतल्या दगडानं घासला. भोवतीची कातडी लाल झाली, तो पांढराच राहिला.

कोड असेल, नाहीतर ते दुसरं असेल. त्या दुसऱ्याचं नाव इथे लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. मी शाळेत होते तेव्हा आमच्या गल्लीतल्या धोंडबा शिंप्याला ते झालं. लोकांनी त्याच्याकडे शिवायला टाकलेली कापडंसुद्धा परत आणली नाहीत.

वही साड्यांच्या रिकाम्या खोक्यात, जुन्या पोलक्यांखाली ठेवते आहे.

१४ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. वाण घ्यायला हात पुढे करावा लागतो. मी पदराआडून उजवाच हात पुढे केला. एक म्हातारी म्हणाली, "दोन्ही हातानं घ्यावं वं पोरी." मी ऐकलं नाही असं दाखवलं. तेवढ्यानं पाठ घामानं भिजली. जानेवारीत.

१९ जानेवारी

घड्याळ पुरेनासं झालं. डाग आता हरभऱ्याच्या डाळीएवढा आहे आणि पट्ट्याच्या बाहेर डोकावतो.

मी गांधीबागेच्या कापडबाजारात मनोहररावांच्या साडीच्या दुकानात गादीवर बसते. चार वर्षं झाली. बायकांना साडी दाखवायला बाईमाणूस असावं म्हणून त्यांनी आधी इंदूबाईंना ठेवलं, मग मला. आमचं सगळं काम हातांचं. साडी उलगडायची, पदर स्वतःच्या हातावर टाकायचा, काठ बोटांवर धरून दाखवायचा. गिऱ्हाईक आधी साडीकडे बघतं आणि मग हाताकडे.

म्हणून आज दुकानातल्या कापलेल्या काठांच्या चिंध्या आणल्या. एक हिरवा, एक राणी रंगाचा, एक मोरपंखी. तीन पदरी वेणी घातली, चार बोटं रुंद पट्टी केली आणि तिच्यावर बाबांच्या जुन्या शर्टाची बटणं शिवली, एकही दुसऱ्यासारखं नाही असं बघून. मधोमध एक कवडी. खाली हुक.

हातात घालून आरशात पाहिलं तर जत्रेतल्या घोड्यासारखं दिसत होतं. पण डाग दिसत नव्हता. मी खूप वेळ हात उलटसुलट करून पाहिला.

२ फेब्रुवारी

एक विचित्र गोष्ट झाली. धंतोलीच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी कॉलेजातली. साडीकडे तिचं लक्षच नव्हतं. म्हणाली, "हे कुठून घेतलं तुम्ही?" मी म्हटलं घरीच केलं. "मला करून द्याल?"

मला वाटलं ती चेष्टा करते आहे, किंवा तिला काही दिसलं आहे आणि ती बोलण्यात गुंतवून जवळून बघते आहे. मी हात मागे घेतला. ती म्हणाली, "प्लीज ना. असंच, वेगवेगळ्या बटणांचं."

हो म्हटलं. नाही म्हणायची भीती वाटली.

१५ फेब्रुवारी

डाव्या कानाखाली दुसरा. वेणी घालताना आरशात दिसला. कढईतलं तेल उडून डाग पडावा तसा, जबड्याच्या कडेला.

दुपारभर विचार करत होते. पदर घेता येईल, पण दुकानात पदर सारखा घसरतो. शेवटी झुमका केला. पत्र्याच्या झाकणावर रेशीम गुंडाळलं, खाली सीताफळाच्या बियांच्या पाच लांब माळा सोडल्या, मधे मधे लाल गुंजा. खांद्यापर्यंत येतो आणि कानाखालची जागा झाकतो. उजव्या कानासाठी दुसरा करायला बियाच उरल्या नाहीत. तिथे साधी कुडी ठेवली.

सत्यवती बघून हसली. "एका कानात झुमका, एका कानात कुडी. दुसरा हरवला काय वं?"

मी म्हटलं, फॅशन आहे.

आईचं हल्ली काही कळत नाही. आज घरात मासे होते. सगळ्यांना वाढले आणि माझ्या ताटात वांग्याची भाजी. दहीसुद्धा दिलं नाही. विचारलं तर म्हणाली, "तुह्या पोटाले बरं नाही ते." माझ्या पोटाला काय झालं? सत्यवतीच्या लग्नाचं बघणं सुरू झाल्यापासून आई मला विसरली आहे. ते एका परीनं बरंच आहे.

३ मार्च

धंतोलीच्या त्या मुलीमुळे आता कॉलेजच्या मुली येतात. साडी घेत नाहीत, गादीच्या कडेला बसून मला विचारतात. परवा सातआठजणी बर्डीच्या रस्त्यानं चालल्या होत्या. सगळ्यांच्या डाव्या मनगटावर माझ्या पट्ट्या, सगळ्यांच्या डाव्या कानात लांब झुमका आणि उजव्यात कुडी. उजव्या हातात का घालत नाही म्हणून कुणी विचारलं तर म्हणतात, डाव्यातच घालायची असते.

त्यांना बघून मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. वाटलं, माझा डाग शहरभर पसरला आहे आणि हसत हसत चालला आहे.

मनोहरराव खूश आहेत. "शामला, तू त दुकानाची हिरोइन झाली," म्हणाले. काचेच्या कपाटात एक खण मला दिला आहे.

पण इंदूबाई माझ्यावर जळतात. त्यांची नजर फार बारीक. साडीत एक धागा ओढला असला तर दहा हातांवरून सांगतात. आज सकाळी त्यांनी मालकांना सांगून माझी जागा बदलली. मी पुढे ट्यूबलाइटखाली बसायची, आता मागे खांबाजवळ, जिथे दिवसासुद्धा अंधार असतो. म्हणाल्या, "मले डोळ्यानं कमी दिसते, मी उजेडात बसतो." त्यांना डोळ्यानं कमी दिसतं, हे कुणाला पटेल?

खांबाजवळ मला बरंच वाटलं, पण ते त्यांना कळू दिलं नाही.

२० मार्च

मोठ्या दवाखान्यात जाऊन आले. गेल्या आठवड्यात एकदा गेले होते आणि बाकड्यावर कोण कोण बसलं आहे ते बघून पळून आले. आज तोंडाला ओढणी गुंडाळून गेले. शेजारच्या माणसाला बोटं अर्धीच होती. त्यानं माझ्यासाठी सरकून जागा केली. मी उभीच राहिले. त्याची लाज आता वाटते आहे.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाच्या टोकानं शिवून विचारलं, "आता लागतं? आता?" प्रत्येक वेळी लागलं. ते म्हणाले, महारोग नाही. कोड आहे. कुणाला लागत नाही, जिवाला अपाय नाही. तेल देतो, लावून सकाळच्या उन्हात पाच मिनिटं बसा. जाईल का विचारलं तर म्हणाले, काहींचं जातं.

मी ते नाव अखेर लिहिलं. ते नाही म्हणून लिहिलं. बाहेर येऊन नळाला तोंड लावून पाणी प्यायले. दहा पावलं चांगली गेली. मग मनात आलं, महारोग नाही, पण लोकांना कोण सांगत बसणार? आणि कोड असलं तरी ज्या घरात एकीला, त्या घरातली दुसरी कोण करून घेतं?

९ एप्रिल

पारशिवनीचं स्थळ आलं. मुलगा रुपराव, शाळामास्तर, थोडी शेती. बाबांचे मावसभाऊ चंपतराव मध्ये आहेत. मुलानं सत्यवतीला चंपतरावांच्या घरी आधीच पाहिलं होतं म्हणे. दोघंही एकमेकांना पसंत आहेत, हे तिच्या भाजी चिरण्यावरून कळतं.

मी मोठी असून माझं आधी का नाही, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, तिले नोकरी करायची आहे. हे मीच बाबांना दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हा ते खरं होतं.

मला घाई झाली आहे. साक्षगंधाच्या आत डाग गेले पाहिजेत. गच्चीवर पाच मिनिटांऐवजी अर्धा तास बसले, तेही अकराच्या उन्हात. मनगटावर लिंबाएवढा फोड आला. पट्टी त्यावरच बांधून दुकानात गेले. दिवसभर डोळ्यांत पाणी येत होतं. इंदूबाई एकदा पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आज मालाचे गठ्ठे तू नको उचलू." कामचुकार ठरवायचं असेल.

२३ एप्रिल

साक्षगंध पार पडलं. अनामिकेवरही डाग उतरला आहे, म्हणून पट्टीपासून बोटापर्यंत बटणांची साखळी केली, टोकाला कुंकवाच्या डबीतल्या आरशाची अंगठी. रुपरावांच्या आई प्रयागबाई, उंच, ताठ, फार बोलत नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शहरातल्या पोरी काय काय घालतेत बाप्पा." लगेच सत्यवती पुढे झाली. "आमी दोघी बहिणी असंच घालतो," म्हणाली आणि स्वतःचे दोन्ही हात दाखवले.

हे एक नवीनच. महिना झाला, ती माझ्यासारख्या पट्ट्या दोन्ही मनगटांवर घालते, कोपरापर्यंत. भांडी घासतानाही काढत नाही. तिच्या साक्षगंधात तरी तिनं माझी नक्कल करू नये असं वाटलं. पण लोकांचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

३० एप्रिल

डोळ्याची पापणी.

त्यावर काय घालतात? दोन दिवस मी दुसरा विचारच केला नाही. पापणीवर काय घालतात.

२ मे

मोठा काळा गॉगल घेतला, अर्ध्या गालापर्यंत येणारा. कडेला मी मोरपंखी धागा गुंडाळला आणि दोन्ही कोपऱ्यांना एकेक मणी लावला. दुकानात सांगितलं, डोळे आले आहेत. मनोहरराव म्हणाले, "हेही फॅशनच हाय, मले माहीत हाय." कालपासून तीन मुलींनी मणी लावून मागितले.

माणसं किती आनंदानं बघतात माझ्याकडे. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

७ मे

उद्या बस्ता. लग्नाची कापडखरेदी. पारशिवनीची मंडळी गांधीबागेतच येणार होती. बाबा कौतुकानं म्हणाले, आपल्या शामलाचं दुकान असताना दुसरीकडे कशाले? प्रयागबाईही म्हणाल्या, हो, तिच्याच हातानं घेऊ.

तिच्याच हातानं.

मी आजारी पडले आहे असं सांगेन. पण खोटं आजारपण बघायला आई जवळ येऊन बसेल. इंदूबाईंना सांगता येईल, तुम्ही दाखवा. त्या विचारतील, का म्हणून. मी सगळ्या पट्ट्यांचे हुक दुहेरी शिवून ठेवले. गॉगलची दांडी घट्ट केली. आता करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून लिहीत बसले आहे. अक्षर बघा कसं आलं आहे.

८ मे

सगळं लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

अकराला आले. प्रयागबाई, रुपराव, आणि आमच्याकडून आई नि सत्यवती. उन्हातून आल्यामुळे आधी पाणी झालं. मी खांबाजवळ गादीवर साड्या मांडल्या. नऊवारी झाल्या, देण्याघेण्याच्या झाल्या, दीड तास नीट गेला. मग प्रयागबाई म्हणाल्या, "नवरीचा शालू दाखव."

लाल शालू काढला, पदर डाव्या हातावर टाकला. पदराची जर पट्टीवरच्या बटणात अडकली. मी हळूच हात ओढला तर जर ताणून आली. आणखी ओढलं असतं तर फाटलाच असता. गॉगलमधून मला नुसता लाल अंधार दिसत होता, धागा दिसत नव्हता.

"काय झालं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"काही नाही, अडकलं जरा."

"मंग ते हातातलं काढ ना."

इंदूबाई पुढच्या गादीवरून उठून आल्या. त्यांनी काय केलं तर एक पिवळी साडी उलगडून माझ्या दोन्ही हातांवर टाकली, वरून, जणू दाखवायला. "बाई, तुमी तवरक हा पिवळा पाहा. मी सोडवून देतो तिचं," म्हणाल्या. साडीखाली त्यांची बोटं माझ्या मनगटाशी आली. त्या हुक काढत नव्हत्या, बटणाचा दोरा नखानं तोडत होत्या.

मला तेव्हाही कळलं नाही.

प्रयागबाई पुढे वाकल्या. "काळा चष्मा लावून धागा दिसते काय वं तुले?" आणि रागानं नाही, आपल्या घरातल्या पोरीचा काढावा तसा, त्यांनी माझा गॉगल उचलला.

ट्यूबलाइट लांब होती, पण पापणीसाठी तेवढा उजेड पुरला. त्यांचा हात तसाच वर राहिला, गॉगलसकट. सत्यवतीनं माझा दंड धरला. आई खाली बघत होती.

मग मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. हात पिवळ्या साडीखालून बाहेर काढला. दोन्ही हुक काढले. पट्टी शालूला लटकत राहिली. बोटातली साखळी काढली. कानातला झुमका काढला. एकेक वस्तू गादीवर ठेवली. मला वाटतं, आता लपवायला जागाच नव्हती म्हणून. धीर वगैरे काही नव्हता.

"कवापासून?" प्रयागबाईंनी विचारलं.

"जानेवारीपासून. महारोग नाही. डॉक्टरांनी सांगितलं, लागत नाही."

त्यांनी गॉगल गादीवर ठेवला, माझ्या हातात दिला नाही. "रुपराव, चाल," म्हणाल्या. रुपराव सत्यवतीकडे बघत उभा राहिला, मग गेला. चहा आला होता, तो तसाच राहिला. जाताना त्या आईला म्हणाल्या, "कळवतो."

९ मे

मी सत्यवतीच्या पाया पडायला गेले. ती मोठ्या बहिणीनं ओरडावं तशी ओरडली. "पाया काहून पडून राहिली? मले काय आता समजलं काय? तू केस धूत होती, तवा पाह्यलं मी. फेब्रुवारीत."

"मग बोलली नाहीस?"

"तू बोलली काय? मंग मी दोन्ही हातात पट्ट्या घालत होतो, कोणी विचारलं त मले विचारन म्हणून. कोपरापर्यंत घामोळ्या झाल्या माह्या."

आई चुलीजवळ बसली होती. म्हणाली, तिला जानेवारीतच कळलं. मी न्हाणीत हात दगडानं घासत होते आणि दार नीट लागलं नव्हतं. कुणीतरी तिला सांगितलं की मासे आणि दही बंद कर. म्हणून. "तुले सांगतलं असतं त तू आणखी भेली असती," म्हणाली.

आणि इंदूबाई. सत्यवती म्हणते, त्या मार्चमध्ये घरी आल्या होत्या आईकडे. ट्यूबलाइटखाली सगळं दिसतं, पोरीला मागे बसवते, म्हणून सांगायला.

मला बरं वाटायला हवं. तसं वाटलं नाही. चार महिने मी एकटी भ्याले, आणि माझ्या भोवती तिघी आपापल्या कोपऱ्यात भीत होत्या. मग मी लपवत होते कुणापासून? आणि इंदूबाईंबद्दल मी या वहीत काय काय लिहिलं आहे. ती पानं फाडावीशी वाटली. फाडली नाहीत.

१४ मे

चंपतराव आले. पंख्याखाली बसले, टोपी काढली, पुन्हा घातली. मग बाबांना म्हणाले, "लग्न मोडत नाहीत ते. पोरगं ऐकत नाही. पण प्रयागबाईचं एक म्हणणं हाय. मोठ्या पोरीनं मांडवात येऊ नये. गाव पाहते, लोक बोलतेत. तिनं चार दिवस कुठं मामाकडे जावं."

मी आतून ऐकलं आणि बाहेर येऊन म्हटलं, "चालेल."

खरं लिहिते. मला वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं झालं. चारशे माणसांच्या मांडवात उभं राहायचं नाही, चुडा भरायला हात पुढे करायचा नाही, कुणी डोळ्याकडे बघणार नाही. त्यांनी मला शिक्षा दिली आणि मी ती सुटीसारखी घेतली.

बाबा उठून न्हाणीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले. पाणी वाहून जात होतं.

सत्यवती म्हणाली, "काका, थांबा, चिठ्ठी देतो." तिनं उभ्यानंच लिहिली. मला दाखवली नाही. चंपतरावांना म्हणाली, रुपरावांच्याच हातात द्या.

१५ मे

चिठ्ठीत काय लिहिलं म्हणून दहा वेळा विचारलं. शेवटी म्हणाली, "तू नसशील त मीही नाही, एवढंच लिहिलं."

मी तिच्यावर चिडले. मी जाते म्हणते आहे ना आनंदानं? तुझा संसार माझ्यामुळे मोडला तर मी काय करू? ती म्हणाली, "तू आनंदानं जाशीन, हे माहीत आहे मले. म्हणूनच लिहिलं."

याचा अर्थ मला अजून नीट कळत नाही. भीती मात्र दुप्पट झाली. आता तिच्यासाठीही भ्यायचं आहे.

२ जून

एकोणीस दिवस काही निरोप नाही.

दुकानात जाते. पट्टी घालत नाही, झुमकाही नाही. निश्चय वगैरे नाही, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं, आणि गांधीबागेत अशी गोष्ट एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायला चहाच्या कपाएवढाच वेळ लागतो. पहिल्या दिवशी हात इतके हलके लागले की कुणी कापून नेलेत असं वाटलं.

एक बाई माझ्या हातातली साडी बघून म्हणाल्या, "दुसरी घडी दाखवा, न उघडलेली." कॉलेजच्या मुली आल्या होत्या. दोघींनी मनगटाकडे पाहिलं आणि घड्याळाकडे बघत गेल्या. तिसरीनं झुमका घेतला, पण "गादीवर ठेवा, मी उचलते" म्हणाली. धंतोलीची ती पहिली मुलगी मात्र आली आणि खूप वेळ बसली. तिच्या हातात पट्टी होती. जाताना लाल बटण तुटलं आहे, शिवून द्या म्हणाली आणि हात पुढे केला. मी तिच्या हातावरच शिवलं. सुई तिला लागेल म्हणून एकेक टाका सावकाश घातला.

मनोहररावांनी बाजूला बोलावलं. चांगले आहेत ते, घाम पुसत बोलत होते. "शामला, काही दिवस तू मागं गठ्ठे बांधायचं पाह्यशीन काय? मले काही नाही, पण गिऱ्हाईक..."

इंदूबाईंनी ऐकलं. उठल्या आणि गाठोडं उचलून मागच्या खोलीत निघाल्या. "मंग मीही मागंच बसतो," म्हणाल्या. "पुढं कोण दाखवते साड्या ते पाहा तुमी."

दोघींची जागा होती तिथेच राहिली. संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, मी तुमच्याबद्दल वाईट विचार केला. त्या म्हणाल्या, "कर ना. मी काय तुह्या मनात राहाले येतो?" आणि साड्यांच्या घड्या घालत राहिल्या.

११ जून

आज प्रयागबाई आल्या. एकट्याच, पारशिवनीहून एसटीनं. दुपारी दीडच्या सुमाराला दारात सावली पडली, वर पाहिलं तर त्या. मला पळावंसं वाटलं. मागच्या दाराकडे माझी मान वळलीसुद्धा.

त्या चपला काढून आल्या आणि माझ्यासमोर, खांबाजवळच्या गादीवर बसल्या. इंदूबाई उठायला लागल्या, मग बसल्या.

मी पाणी दिलं. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं. घेतला, आणि वरून ओतून प्यायल्या, तोंड न लावता. आमच्याकडे सगळेच तसं पितात. तरी मी बघत होते.

"सत्यवतीनं चिठ्ठी धाडली," त्या म्हणाल्या. "रुपरावनं मले वाचून दाखवली. तवापासून पोरगं जेवते, शाळेत जाते, पण माह्याशी बोलत नाही."

मी म्हटलं, "मी मांडवात येणार नाही. मी तिला समजावते."

"मी बोलून राहिलो ना. ऐक." त्यांनी तांब्या बाजूला ठेवला. "मांडवात ये. लोक बोलतीन त्याले मी काय करू. बोलतीन. नवरीचा बस्ता अर्धा राह्यला होता. शालू दाखव."

मी उठून शालू आणले. पहिला उलगडला, आणि पदर कुठे टाकावा ते कळेना. चार वर्षांत असं झालं नव्हतं. त्या म्हणाल्या, "हातावर टाक. टाकल्याबिगर कसा दिसन?"

डाव्या हातावर टाकला. लाल जरीखालून माझं मनगट, पांढरं आणि सावळं, जसं आहे तसं. त्यांनी शालूकडे पाहिलं, मग मनगटाकडे. नजर काढली नाही.

"दुखते काय?"

"नाही."

"खाजते?"

"नाही."

"मंग काय होते?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही. मी बोलणार नव्हते, पण तोंडातून गेलं, "भेव वाटते. सकाळी उठल्यापासून वाटते."

त्यांनी पदराचं दुसरं टोक उचललं आणि स्वतःच्या गुडघ्यावर घेतलं. काठ बोटांनी चाचपत राहिल्या. शालू आम्हा दोघींच्या मध्ये ताणलेला होता.

"मलेही वाटून राहिलं," त्या म्हणाल्या. "येतानी रामटेकच्या फाट्यावर उतरून परत जाव म्हणत होतो."

मग त्यांनी काठ उजेडाकडे धरला, मान हलवली आणि म्हणाल्या, "हा नको. याची जर पातळ हाय. दुसरा दाखव."

मी दुसरा काढला.